थांबून पाहणे आणि रोजची राखण : खानदेशातले आपापले तुकडे

तापीकाठ

सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापी-गिरणेच्या काठाने राहणाऱ्या आपल्या लोकांना निसर्ग पाहण्यासाठी कुठे लांब जावे लागत नाही, आणि म्हणूनच की काय, तो पाहायचा राहून जातो. पर्यावरण हा विषय आपल्याकडे निघतो तो मुख्यतः दोन प्रसंगी. एक, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर गेला म्हणजे. आणि दुसरा, ५ जूनला रोपे लावून छायाचित्रे काढली जातात तेव्हा. पहिल्या प्रसंगी आपल्या हातात काहीच नाही असे वाटून माणूस गप्प बसतो, दुसऱ्या प्रसंगी काम एका दिवसात उरकल्याचे समाधान मानून घरी जातो. या दोहोंच्या मधे वर्षभर जी रोजची राखण करावी लागते, तिच्याविषयी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

या राखणीची सुरुवात थांबून पाहण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. जो माणूस एकाच बांधाकडे, एकाच नाल्याकडे किंवा एकाच झाडाकडे येता-जाता क्षणभर का होईना पण थांबून पाहतो, त्याला तेथे काय कमी झाले ते सर्वांत आधी कळते, आणि ज्याला ते कळते त्याच्याच्याने गप्प बसवत नाही. गाडीच्या वेगात डोंगर हिरवा दिसला काय किंवा उघडा दिसला काय, मनावर काही उमटत नाही.

उदाहरण अंजनाचे घेतो. यावल-रावेरकडून सातपुडा चढू लागलो की अंजनाची झाडे लागतात. पान दोन दळांचे, आपट्याची आठवण करून देणारे, पण त्याहून लहान आणि निमुळते. उन्हाळा चढत असताना, आजूबाजूची सालई आणि साग उघडे पडलेले असतात त्या सुमारास अंजनाला नवी पालवी फुटते आणि ती तांबूस असते. सकाळचे कोवळे ऊन मागून आले की एकेका पानाच्या शिरा मोजता येतात, आणि सगळा उतार आतून उजळल्यासारखा दिसतो. हे दृश्य फार दिवस टिकत नाही. पालवी हिरवी झाली की झाड पुन्हा इतर झाडांत मिसळून जाते. नेमक्या याच दिवसांत मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, ती आग हाताबाहेर जाते आणि वणवा लागतो. मोठे अंजन एखादा वणवा सोसते. गुडघ्याएवढी रोपे सोसत नाहीत. अंजनाचे रोप पहिली काही वर्षे वर फारसे वाढत नाही, कारण त्याची सगळी शक्ती खडकाच्या फटींतून मूळ खाली उतरवण्यात जात असते. वर दिसणाऱ्या वीतभर काडीखाली तिच्या कित्येक पट लांब सोटमूळ असते. ज्याने हे एकदा खाली बसून पाहिले आहे, तो जंगलात विडी पेटती टाकणार नाही आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही.

सर्वांना विनंती आहे की आपण रोज पाहत असलेल्या कोणत्याही एका तुकड्याविषयी लिहावे. तेथे काय सुंदर आहे, काय बिघडले आहे, आणि कोणत्याही कार्यालयाची वाट न पाहता आपल्या हाताने काय करता येते, एवढे लिहिले तरी पुरे. सर्वसाधारण उपदेश शक्यतो नको.

केळीबाग_रावेर

तापीकाठ दादा, विषय अगदी जिव्हाळ्याचा काढलात. मी केळीच्या बागेतले लिहितो, कारण दिवसाचा बहुतेक वेळ माझा तेथेच जातो आणि आमच्या तालुक्याचा कचराही मुख्यतः तेथूनच निघतो.

आधी कचऱ्याचे बोलतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि निर्यातीचा माल करण्याकडे लोकांचा कल वाढला, ही चांगलीच गोष्ट आहे. निर्यातीच्या घडावर डाग चालत नाही, म्हणून घडाला पिशवी घालतात. घड कापला की ती पिशवी फाडून जागेवरच टाकली जाते. तिच्यासोबत झाडाला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या, खतांच्या रिकाम्या गोण्या आणि औषधांच्या बाटल्या हेही बांधाला साचते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस हे सगळे नाल्यात ढकलतो आणि नाला ते तापीच्या हवाली करतो. जे वाहून जात नाही ते पेटवले जाते, आणि त्या धुराने संध्याकाळी शिवारात डोळे चुरचुरतात.

यावर आमच्या शिवारात चालणारा उपाय अगदी साधा आहे. घड कापायला मजूर आले की प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक रिकामी गोणी बांधून ठेवायची. पिशवी काढणारा माणूस ती खाली टाकण्याऐवजी खांद्यावर ठेवतो आणि टोकाला गेला की गोणीत टाकतो. कामाचा वेग कमी होत नाही, कारण त्याला तिकडे जायचेच असते. ठिबकच्या नळ्यांना भंगारात पैसे मिळतात, म्हणून त्या लोक जपून ठेवतात. पिशव्यांना भाव नाही, म्हणून त्या उडतात. नळ्या द्यायच्या त्याच भंगारवाल्याला पिशव्यांच्या गोण्याही नेण्याची अट घातली की तो कुरकुर करतो, पण नेतो. औषधांच्या बाटल्या मात्र या गोणीत घालू नयेत. त्या तीनदा खळबळून, खळबळलेले पाणी फवारणीच्याच टाकीत ओतून, भोके पाडून वेगळ्या ठेवाव्यात.

खोडांचे म्हणाल तर केळीचे खोड नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि उरलेल्यात पालाश (पोटॅश) भरपूर असते. ते ट्रॉलीत भरून रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात फेकणे म्हणजे पैसे देऊन आणलेले खत पुन्हा पैसे देऊन फेकणे होय. खोडाचे तुकडे करून दोन ओळींच्या मधे पसरले आणि वरून शेणकाला शिंपडला तर पावसाळ्यात ते मातीत मिळून जाते, आणि जमिनीतली ओलही टिकते. आमच्याकडे विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या. वाचलेली ओल ही तेथे शोभेची गोष्ट नाही.

आता सौंदर्याचे. केळफुलाचे एकेक तांबूस-जांभळे पान वर उचलले जाते आणि त्याखालची फुले उघडी पडतात, तेव्हा त्यांतला दाट गोड रस प्यायला शिंजीर पक्षी येतो. नराचा रंग उन्हात निळा-जांभळा चमकतो आणि सावलीत जवळजवळ काळा दिसतो. तो केळफुलाला उलटा लटकतो आणि बाकदार चोच एकेका फुलात घालतो. अंधार पडला की त्याच फुलांवर वटवाघळे येतात. फण्या मोकळ्या झाल्या की केळफूल तोडावे, असे शास्त्र आहे आणि मुख्य बागेत ते बरोबरही आहे. परंतु कडेच्या ओळीतल्या काही झाडांची केळफुले मी सुकेपर्यंत राहू देतो. त्याने उत्पन्नात फरक पडल्याचे मला जाणवलेले नाही आणि शिंजिरांची ये-जा टिकली आहे.

भुसावळकर

धागा चांगला आहे, पण एक शंका मांडल्याशिवाय राहवत नाही, आणि ती मी मनापासून मांडत आहे. थांबून पाहायला वेळ लागतो आणि तो वेळ सर्वांकडे नसतो. पहाटेच्या गाडीने कामाला जाणारा, रात्रपाळी करून दुपारी ४५ अंशांत पत्र्याच्या घरात झोपायचा प्रयत्न करणारा माणूस पालवी कधी पाहणार? दुसरे असे की गिरणेतून ट्रॅक्टर-डंपर भरभरून वाळू जात असताना आम्ही घडाच्या पिशव्या गोळा करायच्या, याने नेमके काय वाचते? लहान कामांचे समाधान मोठ्या प्रश्नांवरचे लक्ष उडवते, अशी मला भीती वाटते.

चोपड्याची_अक्का

भुसावळकर भाऊ, तुमची शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

निसर्ग पाहायला सवड लागते असे जे आपण धरून चालतो, ते मला पटत नाही. सकाळी निंदणीला जाणाऱ्या बायकांशी बोलून पाहा. कोणत्या बांधावर करटुलीचा वेल यंदा आला नाही, कोणत्या शेतात तणनाशक मारल्यापासून तांदुळजा आणि घोळ दिसत नाही, कोणत्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीने यंदा खोपे केले नाहीत, हे त्यांना पाठ असते. त्यांना कोणी विचारत नाही एवढेच. सुगरण पक्षी पाण्यावर झुकलेली काटेरी फांदी निवडतो, आणि अर्धवट विणलेला खोपा मादीला पसंत पडला तरच पुढचा बोगदा विणतो. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे तर विहिरीवर पाणी भरताना माझ्या सासूबाईंनी दाखवली. बाभळी तोडल्या आणि विहिरींना कठडे बांधून वर जाळ्या टाकल्या, की खोपे जातात. कठडा हवाच, उघड्या विहिरीत माणसेही पडतात आणि जनावरेही पडतात. पण कठडा बांधताना शेजारची बाभूळ ठेवता येते.

आता मोठ्या आणि लहान कामांविषयी. वाळूउपशाविरुद्ध कोण बोलते ते पाहा. नदीशी ज्याचा रोजचा संबंध आहे तोच बोलतो. पूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरताना तिच्यावर ठेवायचे डांगर (खरबूज) नदीच्या वाळूतल्या वाड्यांतून यायचे. नदी उन्हाळ्यात आटली तरी वाळूखाली ओल असायची, हातभर उकरले की झिरा लागायचा. त्याच उघड्या वाळूवर टिटवी आणि नदीसुरय अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची, पायाशी असूनही दिसत नाहीत इतकी बेमालूम. वाळू गेली की डांगराची वाडी गेली, झिरा गेला, काठच्या विहिरींचे पाणी खाली गेले आणि पक्ष्याची अंडी घालायची जागाही गेली. ज्याने हे सगळे डोळ्यांनी पाहिले आहे तो ग्रामसभेत उठून उभा राहतो. ग्रामसभेत बोलणे हेही लहान कामच आहे, आणि ते करायला आधी पाहिलेले असावे लागते.

उन्हाळ्यातील पाण्याविषयी एक अत्यंत व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण ती हौसेने सुरू होते आणि निष्काळजीपणाने बिघडते. पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचे तर मातीचे पसरट परळ घ्यावे, खोल भांडे घेऊ नये. पाणी दोन-तीन बोटे खोल पुरे, आणि मध्ये एखादा चपटा दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. परळ सावलीत आणि मांजराला दबा धरता येणार नाही असे ठेवावे. ते रोज घासून पाणी बदलावे. शेवाळ धरलेल्या पाण्याने पक्ष्यांत रोग पसरतो आणि आठवडाभर पाणी तसेच राहिले तर डास होतात. प्लास्टिकचे भांडे भुसावळ-जळगावच्या उन्हात दुपारी इतके तापते की पाखरू त्याला शिवत नाही. दुपारी बाराच्या सुमारास परळावर नजर ठेवली तर चिमण्यांआधी बुलबुल येतात, साळुंक्या आल्या की बाकी सगळे बाजूला होतात, आणि अगदी शेवटी, सगळे गेल्यावर, एखादा लाजरा तांबट येतो. आमच्या गल्लीतल्या बायका हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतात आणि हातातले काम चालूच असते.

पांझराकाठ

अक्कांचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी धुळ्याकडचा, म्हणून फड पद्धतीविषयी लिहिले पाहिजे, कारण रोजची राखण ही आपल्याकडे नवीन कल्पना नाही, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, धुळे शहरातून वाहते आणि मुडावदला तापीला मिळते. या नदीवर आणि आजूबाजूच्या नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून दगडी बंधारे घातलेले आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एका हंगामात एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाणी कधी सोडायचे यावर तंटा होत नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाच्या राखणीचे काम जागल्याचे. या माणसांना शेतकऱ्यांनीच पोसायचे आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी आहे त्याला पाणी आधी मिळते, म्हणून शेवटच्या टोकाचा शेतकरी उपाशी राहू नये याची काळजी व्यवस्थेतच घेतलेली असे.

मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाचा वाटतो तो पाटकऱ्याचा फेरा. पाटकरी रोज पाटाच्या कडेने चालत जायचा. खेकड्याने कुठे बीळ केले आहे, पाणी कुठून झिरपते आहे, कडेच्या गवताची मुळे कुठे सैल झाली आहेत, हे त्याला चालता चालता दिसायचे, आणि भगदाड पडण्याआधी मूठभर चिखलाने काम भागायचे. आज अनेक फड नावापुरते उरले आहेत. वर धरणे झाली, खाली विहिरी आणि मोटारी झाल्या, प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाच्या हातात आले. परंतु पाणी जसे ज्याचे त्याचे झाले, तशी नदी कोणाचीच राहिली नाही.

सध्या आम्ही काही जण पहाटे फिरायला जातो ते पांझरेच्या काठानेच. बरोबर पोते नेतो आणि निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या पाण्यात जाण्याआधी काठावरच वेगळ्या करतो. फुले-पाने काठच्या खड्ड्यात जातात, पिशव्या पोत्यात जातात. श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाच्या दिवशी मात्र आधीपासून उभे राहतो. लोकांना हात जोडून सांगितले की आईला नदीत निरोप द्या, पिशवी आमच्याकडे द्या, तर कोणी नाही म्हणत नाही. ज्यांना नदीविषयी भक्ती आहे त्यांना नदीची काळजी समजावून सांगणे सोपे जाते, असे दिसते. थंडीत याच काठावर शेकाट्या पक्षी येतात. लांबलचक गुलाबी पाय, उथळ पाण्यातून एकेक पाय उचलून पुढे टाकण्याची त्यांची ती डौलदार चाल, हे पाहायला आता मुले आमच्याबरोबर येऊ लागली आहेत, आणि पोते धरायला मुलांचीच चढाओढ असते.

शहादेकर

साक्री तालुक्याचा उल्लेख आला म्हणून बारीपाड्याचे नाव घेतलेच पाहिजे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या गावाने आपले जंगल स्वतः राखले, तोडीवर आणि चराईवर बंधने घातली, मोडणाऱ्याला दंड लावला. पुढे तेथे पावसाळ्यात वनभाज्यांची स्पर्धा भरू लागली, आणि टाकळा, कुरडू, चाई अशा भाज्या ओळखणाऱ्या बायकांना मान मिळू लागला. हे काम पुढे नेणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. अक्का म्हणतात त्या निंदणीवाल्या बायकांच्या ज्ञानाला व्यासपीठ दिले तर काय होते, ते तेथे दिसते.

आता आमच्या भागाविषयी. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, १८८४ नंतर त्याची एकही विश्वासार्ह नोंद नव्हती आणि तो नष्ट झाला असे धरले गेले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी-अभ्यासकांना तो पुन्हा दिसला, आणि तो आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. ११३ वर्षे जगाने ज्याला हरवलेला मानले, तो या काळात सातपुड्यातच होता. तोरणमाळच्या परिसरात आणि यावलकडेही तो आहे.

हा पक्षी दिवसा हिंडतो. आपल्या गावात दिसणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते आणि छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो. तो फांदीवर बसून शेपटी झटकतो. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा पहिल्यांदा पाहिला त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

येथे दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली अशी की तो झाडाच्या ढोलीत घरटे करतो, आणि ढोली जुन्या, पोकळ, वाळलेल्या झाडांना असतात. आपण मात्र वाळलेले झाड म्हणजे निकामी झाड समजून सरपणासाठी सर्वांत आधी तेच तोडतो. शेताच्या बांधावर एखादे जुने, पोकळ झाड असेल आणि ते रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचा धोका नसेल, तर ते उभे राहू द्यावे. त्यात पिंगळा, पोपट, तांबट, नीलकंठ असे किती तरी भाडेकरू राहतात, आणि पिंगळे उंदीर खातात.

दुसरी गोष्ट छायाचित्रे काढणाऱ्यांविषयी आहे. सौंदर्य पाहण्याच्या ओढीनेच माणसे येतात, तरीही काही जण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावतात. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असे समजून पक्षी घरटे सोडून धावत येतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि तेवढा वेळ पिल्ले उपाशी आणि उघडी राहतात. घरट्यासमोरची पाने छायाचित्रात आड येतात म्हणून तोडली जातात, त्यामुळे घरटे शिक्रा आणि कावळ्यांच्या नजरेस पडते. अशा पाहण्याला मी पाहणे म्हणत नाही. लांब उभे राहावे, थोडा वेळ पाहावे आणि निघून जावे. विणीच्या काळात घरट्याची जागा कोणालाही सांगू नये आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये. आमच्या शाळेतल्या मुलांना ही शिस्त समजते. मोठ्यांना समजावयाला वेळ लागतो.

माळरान

वृक्षलागवडीविषयी थोडे बोलायचे आहे, आणि ते काहींना रुचणार नाही याची कल्पना आहे.

धुळे, शिंदखेडा, साक्री या भागांत खूप माळरान आहे. पाऊस कमी, माती उथळ, खाली खडक. असा माळ दिसला की उत्साही मंडळींना तो ओसाड वाटतो आणि तेथे खड्डे खणून रोपे लावली जातात. माळ ओसाड नसतो. पावसाळ्यानंतर पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवते वर येतात, आणि आश्विनात सगळा माळ सोनेरी होतो. चंडोल पक्षी गात गात उभा आकाशात चढतो आणि पंख मिटून खाली येतो. धाविक आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. लांडगा, खोकड आणि ससा या उघड्या माळाच्याच आधाराने जगतात, आणि मेंढपाळांच्या मेंढ्याही. अशा जागी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणे म्हणजे जिवंत वस्ती उठवून तेथे दुसऱ्यांना बसवणे आहे. पहिल्या पावसात ट्रॅक्टर भरून बीजगोळे माळावर फेकण्याची पद्धतही मला म्हणूनच मान्य नाही.

माळाची राखण म्हणजे तेथे काही करणे कमी आणि काही न करणे अधिक. उन्हाळ्यात गवत पेटवू नये. गाड्या रस्ता सोडून माळावर घालू नयेत. शहराचा राडारोडा तेथे टाकू देऊ नये. एवढे सांभाळले तर माळ आपला आपण सांभाळून राहतो.

केळीबाग_रावेर

माळरान भाऊ, म्हणणे पटले. मग झाडे लावायची तरी कुठे आणि कोणती? माझ्या बांधावर जागा आहे, आणि तापीकाठ दादांनी अंजनाविषयी लिहिले तेव्हापासून अंजन लावावे असे मनात आहे. बी कधी आणि कसे मिळेल?

आणखी एक विषय कोणी तरी घ्यावा. कापसाची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडे, पेटवण्याबद्दल कोणी लिहिले नाही. शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे की गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत दडून राहते, म्हणून हंगाम संपला की शेत लवकर मोकळे करावेच लागते. बांधावर पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवणे हा पेटवण्याला पर्याय होऊ शकत नाही. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राने पऱ्हाटीची कुट्टी करून ती जमिनीत गाडणे हा मार्ग चांगला आहे. एकट्याला यंत्र परवडत नाही, पण लागून असलेल्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात काम धरले तर भाडे वाटून घेता येते.

भुसावळकर

अक्का, तुमचे ग्रामसभेचे म्हणणे मला मान्य आहे, आणि निंदणीच्या बायकांविषयीचेही. वेळेबद्दलची माझी शंका मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. पहाटे पोते घेऊन फिरायला जाणे रात्रपाळीच्या माणसाला जमणार नाही. म्हणून कामावर जाण्याच्या वाटेवरच काय दिसते ते पाहू लागलो, आणि ते येथे लिहितो.

आमच्या गावात जुने कडुनिंब, वड आणि शिरीष भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळेच येथला उन्हाळा थोडा तरी सुसह्य होतो. चैत्रात कडुनिंब फुलतो तेव्हा रात्रपाळीहून परतताना सगळ्या रस्त्यावर त्याचा कडवट-गोड वास भरलेला असतो, आणि पहाटे खाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. याच झाडांच्या बुंध्यांना पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट अगदी चिकटवलेले आहे. पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही, मुळांना हवा मिळत नाही, बुंधा जाड व्हायला जागा उरत नाही, आणि मग पहिल्या वादळात झाड उन्मळले की लोक म्हणतात, झाड जुने झाले होते. शिवाय जाहिरातींचे खिळे आणि तारा आहेतच. खिळा शिरला की साल फाटते आणि तेथून बुरशी आत जाते.

आम्ही चार-पाच जणांनी रस्ता वाटून घेतला आहे. खिळे आणि तारा पकडीने काढतो. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून किमान हातभर माती मोकळी ठेवावी, असा अर्ज झाडांच्या छायाचित्रांसह नगरपालिकेला दिला आहे. शहरातले झाड तोडायचे असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हते; आता कुऱ्हाड दिसली की परवानगीचा कागद दाखवा असे नम्रपणे विचारतो.

चोपड्याची_अक्का

भाऊ, हे फार मोलाचे काम आहे. खिळे काढल्यावर त्या जागी ऑइलपेंट लावू नका, झाड आपली जखम आपण भरते. आणि निंबोळ्या पडू लागल्या की झाडून जाळण्याऐवजी गोळा करून ठेवा. आमच्याकडे शेतकऱ्यांना निंबोळी अर्कासाठी त्या लागतात, कोणाबरोबर तरी पाठवून द्या.

तापीकाठ

इतके तपशीलवार लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. माळरान यांचा मुद्दा मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. लावण्याआधी त्या जागी आज काय नांदते आहे ते एक पूर्ण वर्ष पाहावे, एवढे पथ्य पाळले तरी बरीच चुकीची लागवड टळेल. पऱ्हाटीविषयी ज्यांनी सामायिक यंत्र वापरले असेल त्यांनी भाड्याचा आणि खोळंब्याचा अनुभव येथे लिहावा.

केळीबाग भाऊ, अंजनाच्या बियांविषयी. त्याच्या शेंगा उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास वाळतात. शेंग चपटी, पातळ, पंखासारखी असते आणि टोकाला एकच बी असते, त्यामुळे वारा सुटला की ती भिरभिरत लांब जाते. दरवर्षी सारखे बी येत नाही. काही वर्षी झाड लगडते आणि मधली वर्षे जवळजवळ रिकामी जातात, म्हणून ज्या वर्षी शेंगा दिसतील त्याच वर्षी काम धरावे. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून बी आणू नये. मालकीच्या शेतात उभ्या असलेल्या झाडाखालचे, मालकाला विचारून वेचावे. बी त्याच पावसाळ्यात लावावे. पिशवीत रोप करायचे असेल तर लांब पिशवी घ्यावी आणि रोप तिच्यात फार काळ ठेवू नये, कारण सोटमूळ तळाला लागले की वळते आणि वळलेल्या मुळाचे झाड पुढे नीट उभे राहत नाही. बांधावर थेट बी टोकणे मला अधिक बरे वाटते. पहिली दोन-तीन वर्षे रोप वाढत नाही असे वाटेल. तेव्हा ते उपटू नये, शेळ्यांपासून बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे आणि निंदणीला येणाऱ्या बायकांना ते आधीच दाखवून ठेवावे, म्हणजे तण समजून विळ्याखाली जाणार नाही.